मॉरिशसमध्ये गोल्फ: कोर्स निवडण्याआधी किनारा निवडा

मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे गोव्याच्या साधारण निम्मे. एवढ्याशा भूभागावर अठरा होलांचे दहाहून अधिक गोल्फ कोर्स आहेत आणि त्यांतील बहुतेक समुद्राच्या काठाने वसलेले आहेत. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तासांत पोहोचता येते, भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही आणि घड्याळ केवळ दीड तास मागे घ्यावे लागते. त्यामुळे पुणे-मुंबईकडील क्लबांमध्ये चार-आठ जणांचा गट परदेशात खेळायला निघतो, तेव्हा थायलंडच्या बरोबरीने मॉरिशसचे नाव हमखास निघते.

अडचण येते ती निवडीत. बहुतेक जण छायाचित्रे पाहून, आराखडा कोणी आखला त्या नामवंत खेळाडूचे नाव वाचून तीन-चार कोर्स ठरवतात आणि मग त्यांच्या मधोमध कुठेतरी हॉटेल शोधतात. हा क्रम उलटा आहे. या बेटावर खेळाचा अनुभव सर्वांत जास्त ठरतो तो वाऱ्याने, आणि वारा ठरतो महिना व किनारा यांवरून. म्हणून आधी महिना, मग किनारा, मग आपला खेळ, मग मुक्काम आणि शेवटी कोर्सचे नाव, अशा क्रमाने विचार केल्यास पैसेही वाचतात आणि चेंडूही. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: महिना ठरवा

मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने ऋतू उलटे आहेत. आपल्याकडे पावसाळ्याने फेअरवे (सुरुवातीच्या फटक्यापासून होलकडे जाणारे कापलेल्या गवताचे पट्टे) चिखलाने भरलेले असतात, त्या जून ते सप्टेंबरच्या काळात तिथे कोरडा आणि सुखद हिवाळा असतो. महाराष्ट्रातील गोल्फरला हे बेट सोयीचे पडते, त्याचे खरे कारण हेच आहे. मे ते ऑक्टोबर या काळात किनाऱ्यावर दुपारचे तापमान साधारण पंचविशीच्या आगेमागे राहते. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा दमट असतो आणि पाऊसही प्रामुख्याने त्याच काळात, विशेषतः जानेवारी ते मार्चमध्ये पडतो.

मात्र हिवाळ्याची एक किंमत आहे. आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे वर्षभर वाहत असले तरी जुलै-ऑगस्टमध्ये ते सर्वांत जोरात असतात. या दोन महिन्यांत पूर्व किनाऱ्यावर दुपारी खेळायचे म्हणजे दीडशे यार्डांच्या फटक्यासाठी कधी आठ नंबरचा आयर्न, तर कधी अधिक लांब मारणारा पाच नंबरचा घ्यावा लागतो. ज्याला वाऱ्यात खेळण्याची सवय नाही आणि ज्याचा चेंडू उंच जातो, त्याने मे-जून किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने निवडावेत. माझ्या मते ऑक्टोबर हा सर्वोत्तम, कारण वारा बराचसा उतरलेला असतो आणि उन्हाळ्याची दमट काहिली अजून सुरू झालेली नसते; पण युरोपातील पर्यटकांनाही हे ठाऊक असल्याने तेव्हापासून दर चढू लागतात आणि नाताळ-नववर्षाच्या सुमारास ते शिगेला पोहोचतात.

जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा मुख्य काळ. तिथे वादळाच्या इशाऱ्याचे चार वर्ग असतात आणि वरच्या वर्गांचा इशारा लागला की सर्व व्यवहार बंद होतात. गोल्फ तर सर्वांत आधी. या काळात खोल्या स्वस्त मिळतात, पण तारखा बदलता येतील अशीच तिकिटे आणि आरक्षणे घ्यावीत. शिवाय उष्ण हवामानातील गवत उन्हाळ्यात जोमाने वाढत असल्यामुळे ग्रीनना (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळींना) छिद्रे पाडून वाळू भरण्याची, वाढ विरळ करण्याची कामेही अनेक ठिकाणी त्याच सुमारास काढली जातात. आरक्षणापूर्वी क्लबला ईमेलवर एक साधा प्रश्न विचारावा की, आमच्या तारखांच्या आधीच्या दोन आठवड्यांत ग्रीनवर असे काही काम होणार आहे का. या एका प्रश्नाने पुष्कळ निराशा टळते.

तारखांच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे स्पर्धा. २०१५ साली सुरू झालेली मॉरिशस ओपन ही व्यावसायिक स्पर्धा बेल ओंब्र, अनाहिता आणि मों श्वाझी येथे आलटून पालटून झाली आहे, आणि अलीकडे ती डिसेंबरमध्ये होते. युरोपातील ज्येष्ठ व्यावसायिकांच्या टूरची हंगामअखेरची स्पर्धाही अनेक वर्षे डिसेंबरातच बेल मार येथील लेजंड कोर्सवर होत आली आहे. स्पर्धेच्या आठवड्यात तो कोर्स पाहुण्यांना बंद असतो. दुसरी म्हणजे महाशिवरात्र. ग्रां बासँ, म्हणजेच गंगा तलावाकडे बेटाच्या सर्व भागांतून भाविक पायी निघतात आणि त्या काही दिवसांत ब्वा शेरीकडचे रस्ते तुडुंब भरलेले असतात. त्याच परिसरातल्या कोर्सचा बेत तेव्हा आखू नये. तिसरी म्हणजे गणेशचतुर्थी. कोकणातून एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांनी हा उत्सव इतका जपला आहे की त्यानिमित्त देशभर सार्वजनिक सुट्टी असते, आणि पश्चिम किनाऱ्यावर विसर्जनासाठी गर्दी होते. ही गर्दी टाळण्यापेक्षा त्या दिवशी गोल्फ बाजूला ठेवून कास्कावेलच्या परिसरात मिरवणूक पाहावी, असे मी सुचवेन.

दुसरी पायरी: किनारा निवडा

बेटाच्या मध्यभागी पठार आहे. आग्नेय वारे पूर्वेकडून येतात, पठारावर चढताना पाऊस टाकतात आणि पश्चिमेकडे उतरतात ते कोरडे होऊन. सह्याद्रीमुळे कोकणात पाऊस आणि देशावर पर्जन्यछाया, हाच तो प्रकार. फक्त दिशा उलटी. त्यामुळे पूर्व किनारा वाऱ्याचा, मध्य पठार पावसाचे, पश्चिम किनारा कोरडा व तुलनेने शांत आणि दक्षिण किनारा खडबडीत, असे ढोबळ चित्र लक्षात ठेवावे.

पूर्व किनाऱ्यावर गोल्फ सर्वांत दाट आहे. बेल मारच्या परिसरात लेजंड आणि लिंक्स असे दोन कोर्स एकाच रिसॉर्टकडे आहेत. लेजंड १९९४ चा, दक्षिण आफ्रिकेचे ह्यू बायोकी यांनी आखलेला. दुतर्फा झाडी, पाण्याची तळी आणि मधूनच फेअरवेवर येणारी हरणे. त्याचा सतरावा होल लॅगूनच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राच्या) मुखावरून खेळावा लागणारा पार ३, म्हणजे तीन फटक्यांत पुरा करायचा होल आहे. वारा असताना तिथे बहुतेकांचा पहिला चेंडू पाण्यात जातो, कारण ध्वजाकडे पाहून क्लब निवडला जातो, ग्रीनच्या मागच्या कडेकडे पाहून नाही. लिंक्स हा २००२ चा, रॉडनी राइट आणि पीटर अ‍ॅलिस यांचा. नावात लिंक्स असले तरी स्कॉटलंडच्या वालुकामय मैदानांची अपेक्षा ठेवू नये. पण तो लेजंडपेक्षा रुंद आहे आणि मध्यम खेळाडूला मोकळा श्वास घेऊ देतो.

तिथून जवळच त्रू दो दूसच्या समोर इल-ओ-सेर्फ हे छोटे बेट आहे. बर्नहार्ड लँगर यांनी आखलेला आणि २००३ मध्ये खुला झालेला तिथला कोर्स मॉरिशसचा सर्वाधिक छायाचित्रित कोर्स असावा. होडीनेच जावे लागते. काळ्या बेसाल्टचे खडक, खारफुटी, समुद्राचे फाटे आणि तळी यांच्यामधून टी-शॉट मारावे लागतात, आणि चुकलेला चेंडू बहुतेक वेळा परत मिळत नाही. हा कोर्स अवश्य खेळावा, पण प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी नव्हे. विमानाने आखडलेले शरीर, अनोळखी गवत आणि पूर्वेचा वारा घेऊन तिथे गेलेल्या गटातील निम्मे जण दहाव्या होलपर्यंत गुण मोजणे सोडून देतात.

त्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला बो शाँ येथे अनाहिता आहे. अर्नी एल्स यांनी आखलेला हा कोर्स २००८ मध्ये सुरू झाला. फेअरवे प्रशस्त, ग्रीन मोठे आणि चढउताराचे. अठरावा पार ५ लॅगूनच्या कडेने जातो. मागच्या टीवरून (पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) तो अतिशय लांब आहे, पण पुढच्या टीवरून खेळल्यास सरासरी खेळाडूवर फारसा अन्याय करत नाही. पूर्वेकडे एकच राउंड खेळण्याइतका वेळ असेल, तर इल-ओ-सेर्फच्या आधी मी अनाहिताचे नाव घेईन. हे मत अनेकांना पटणार नाही, याची कल्पना आहे.

दक्षिण आणि नैर्ऋत्य हा दुसरा मोठा समूह. बेल ओंब्र येथे जुन्या साखर मळ्याच्या जमिनीवर दोन कोर्स शेजारी शेजारी आहेत. ल शातो हा २००४ चा, पीटर मॅटकोव्हिच यांचा, डोंगर आणि लॅगून यांच्या मधल्या उतारावर पसरलेला. ला रिझर्व्ह हा त्यांनीच लुई ऊस्टहाउझेन यांच्यासोबत आखला आणि तो २०२३ च्या अखेरीस खुला झाला; त्याच डिसेंबरात तिथे झालेली मॉरिशस ओपन स्वतः ऊस्टहाउझेन यांनीच जिंकली. या कोर्सवर झाडांचा आडोसा जवळपास नाही. फेअरवे रुंद आहेत, चेंडू जमिनीवरून पळतो आणि ग्रीनच्या अलीकडे टाकून लोळवत नेण्याचा खेळ इथे चालतो. उंच चेंडू मारण्याची सवय असलेल्या भारतीय खेळाडूला हा अनुभव सर्वस्वी नवा असतो, म्हणूनच तो घेण्यासारखा आहे.

ल मोर्न डोंगराच्या पायथ्याशी पारादी हा कोर्स आहे. ५५६ मीटर उंचीचा हा कडा गुलामगिरीतून पळालेल्यांच्या आश्रयाची स्मृती म्हणून २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कोर्स तुलनेने सपाट आणि आटोपशीर असल्यामुळे वेगवेगळ्या हँडिकॅपच्या (कुवतीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीच्या) गटाला तो सोयीचा. मात्र ल मोर्नचा समुद्र काइटसर्फिंगसाठी जगभर प्रसिद्ध आहे, हे वाचून गोल्फरने जो अर्थ घ्यायचा तो घ्यावा. तिथून उत्तरेला तामारिनाजवळ चित्र पालटते. २००६ चा हा कोर्स रॉडनी राइट यांचा. मागे राँपार डोंगराचे टोकदार शिखर, दोन्ही बाजूंना पिवळसर गवताचे माळरान आणि बेटावरील सर्वांत कमी पावसाचा प्रदेश. समुद्र अगदी लगत नाही, म्हणून जाहिरातींत तो मागे पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी मात्र नेमक्या याच कारणासाठी तो यादीत वर घ्यावा.

उत्तरेला ग्रां बेजवळ २०१७ पासून मों श्वाझी हा एकच अठरा होलांचा कोर्स आहे. कुटुंबाला बाजारपेठ, उपाहारगृहे आणि सायंकाळची वर्दळ हवी असेल, तर उत्तर किनाऱ्यावर राहून हा खेळावा. केवळ गोल्फसाठी उत्तरेला राहू नये.

मध्य पठारावर दोन कोर्स आहेत. ब्वा शेरीच्या चहामळ्यांजवळचा अ‍ॅव्हलॉन थंड, हिरवा आणि चढउताराचा आहे. उन्हाळ्यात किनारा तापलेला असताना तो बरा वाटतो, परंतु पावसाळी जाकीट बॅगेत असलेच पाहिजे. दुसरा वाक्वा येथील जिमखाना क्लब. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांसाठी १८४४ मध्ये स्थापन झालेला हा क्लब ब्रिटनबाहेरच्या सर्वांत जुन्या गोल्फ परंपरांपैकी एक सांगतो. पार ६८, लहान ग्रीन, जुनी झाडे, रिसॉर्टचा झगमगाट नाही. ज्याने पुण्याच्या किंवा चेंबूरच्या जुन्या क्लबांत वर्षे घालवली आहेत त्याला इथे पाय ठेवताच ओळखीचे वाटेल, आणि खर्चही रिसॉर्टच्या मानाने बराच कमी येतो. एक अर्धा दिवस यासाठी राखून ठेवण्याजोगा आहे.

तिसरी पायरी: आपला खेळ मोजा

मॉरिशसमधील स्कोअरकार्डांवर अंतरे बहुधा मीटरमध्ये असतात, आपण मात्र यार्डांत विचार करतो. मीटरच्या आकड्यात दहा टक्के मिळवले की यार्ड येतात. १५० मीटर म्हणजे सुमारे १६४ यार्ड. अंतरमापक यंत्र असेल तर मुंबईहून निघण्यापूर्वीच त्याचे एकक ठरवून टाकावे, कारण पहिल्या टीवर वाऱ्यात उभे राहून यंत्राची बटणे दाबत बसण्यात मागच्या गटाचा संयम सुटतो.

पुणेकरांसाठी आणखी एक हिशेब आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने तिथे चेंडू समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण तीन-चार टक्के लांब जातो. म्हणजे येरवड्याच्या कोर्सवर ज्या क्लबने १५० यार्ड जातात, त्याच क्लबने बेल मारला १४५ च्या आसपास जातील. मुंबईकरांना हा फरक जाणवणार नाही. दमट हवेत चेंडू जड होऊन कमी जातो, असे क्लबांमधून नेहमी ऐकू येते. वास्तविक दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळ असते, त्यामुळे दोष द्यायचाच तर तो वाऱ्याला द्यावा.

टी निवडताना अभिमान बाजूला ठेवावा लागतो. ड्रायव्हरचा चेंडू सरासरी २०० यार्ड जात असेल, तर एकूण ५,२०० ते ५,४०० यार्डांचा कोर्स योग्य. २२५ जात असेल तर ५,८०० ते ६,००० यार्डांचा. इथे सरासरी म्हणजे वर्षातून एकदा उतारावर मारलेला फटका नव्हे. मॉरिशसच्या रिसॉर्ट कोर्सवर चार-पाच टी असतात, त्यामुळे आपल्या मापाची टी जवळपास सगळीकडे सापडते. कोर्सच्या संकेतस्थळावरील स्कोअरकार्ड उघडून, मीटरचे यार्ड करून, प्रत्येक कोर्सवरची आपली टी घरीच लिहून ठेवावी.

त्याच स्कोअरकार्डवर स्लोप रेटिंग, म्हणजे सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड जाईल याचा आकडा, दिलेले असते. ते ५५ ते १५५ या दरम्यान असते आणि ११३ हे प्रमाण मानले जाते. आपला हँडिकॅप इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, आणि त्यात कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूकडून अपेक्षित फटके) व पार यांतील फरक मिळवला की त्या टीवरचा कोर्स हँडिकॅप मिळतो. समजा, इंडेक्स १८ आहे, स्लोप १३२ आहे आणि कोर्स रेटिंग पारइतकेच आहे. तर उत्तर येते २१. दोन कोर्समधला फरक असा आकड्यांत दिसला की कोणता पहिल्या दिवशी खेळायचा आणि कोणता शेवटी, हे आपोआप कळते. गटात ८ पासून २८ पर्यंतचे खेळाडू असतील तर स्लोप जास्त असलेले दोन कोर्स लागोपाठच्या दिवशी ठेवू नयेत.

भारतीय गोल्फरने आपल्या कॅडीचाही हिशेब करायला हवा. घरच्या कोर्सवर चेंडू कुठे पडला हे पाहणारा, ग्रीनचा उतार सांगणारा, क्लब हाती देणारा माणूस सोबत असतो. मॉरिशसच्या रिसॉर्टांमध्ये बहुधा जीपीएस लावलेली बग्गी मिळते, कॅडी नाही. झुडपांत गेलेला चेंडू आपणच शोधायचा, उतार आपणच वाचायचा. त्यामुळे घरापेक्षा तीन-चार फटके जास्त होणार आणि चेंडू तर निश्चितच जास्त हरवणार. पाण्याने वेढलेल्या कोर्सवर एकूण फटक्यांच्या हिशेबाने भांडत बसण्यापेक्षा गटाने स्टेबलफर्ड पद्धतीने, म्हणजे प्रत्येक होलला स्वतंत्र गुण देऊन, खेळावे. एक होल फसला तरी पुढच्या होलवर नव्याने सुरुवात होते आणि खेळही पुढे सरकतो.

चौथी पायरी: गवताशी ओळख

उष्ण किनारी प्रदेशांत बर्म्युडा आणि पासपालम हे दोन प्रकार आढळतात. पासपालमला खारे पाणी सोसते, म्हणून समुद्राच्या अगदी कडेच्या कोर्सवर त्याला पसंती मिळते. त्याची पाती ताठ आणि चिवट असतात: फेअरवेवर चेंडू वर उचलून धरल्यासारखा बसतो, मात्र लोळत फार पुढे जात नाही, आणि ग्रीनच्या कडेला चिप मारताना क्लबचे पाते गवतात अडकून फटका तोकडा पडतो. तिथे वेज किंचित उघडी धरून थोडा मोठा फटका मारावा किंवा सरळ पटर काढावा.

बर्म्युडाच्या ग्रीनवर पातीच्या कलाचा विचार करावा लागतो. चेंडूमागे बसून पाहिल्यावर गवत चमकदार, फिकट दिसले तर पाती आपल्यापासून दूर कललेली आहेत आणि चेंडू वेगाने जाईल. गडद, मळकट दिसले तर पाती आपल्याकडे कललेली आहेत आणि चेंडू मंदावेल. शंका असल्यास होलच्या कडेकडे निरखून पाहावे. सकाळी कापलेल्या होलची एक बाजू दुपारपर्यंत स्वच्छ राहते आणि दुसऱ्या बाजूची पाती विस्कटून पिवळी पडू लागतात. विस्कटलेली बाजू ज्या दिशेला, त्या दिशेला कल. पहिल्या राउंडच्या आधी सरावाच्या ग्रीनवर वीस मिनिटे घालवावीत, त्यांतील निम्मी तरी लांब पटसाठी.

पाचवी पायरी: मुक्काम आणि शुल्क

खर्चाचे गणित इथे ठरते. अनेक कोर्स एखाद्या हॉटेलशी जोडलेले असून त्या हॉटेलच्या पाहुण्यांना ग्रीन फी माफ असते किंवा तिच्यात मोठी सवलत मिळते. बाहेरून येणाऱ्याला पूर्ण दर द्यावा लागतो. त्यामुळे महाग वाटणारे रिसॉर्ट तीन राउंडनंतर स्वस्त ठरू शकते. तुलना करताना खोलीचे भाडे, प्रत्येक राउंडची ग्रीन फी, बग्गीचे शुल्क, भाड्याच्या क्लबचे शुल्क आणि ये-जा करण्याचा टॅक्सीखर्च हे सगळे एका कागदावर मांडून एकूण बेरजेचीच तुलना करावी. ग्रीन फी माफ म्हणजे बग्गीही माफ, असे गृहीत धरू नये. दिवसाला एकच राउंड की हवे तितके, हेही लेखी विचारून घ्यावे, कारण या अटी हंगामागणिक बदलतात. आणि दरपत्रकात रुपये छापलेले दिसले तर ते मॉरिशसचे रुपये आहेत. त्यांचे मूल्य आपल्या रुपयापेक्षा बरेच जास्त आहे.

अंतरे नकाशावर छोटी दिसतात, रस्त्यावर नाही. उत्तरेच्या ग्रां बेहून दक्षिणेच्या बेल ओंब्रला जायला दीड ते दोन तास लागतात. याउलट बेल मार, इल-ओ-सेर्फचा धक्का आणि अनाहिता हे सारे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत; तामारिन, ल मोर्न आणि बेल ओंब्र हेही एका रेषेत येतात. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्वतः गाडी चालवणे अवघड नाही, पण चार गोल्फ बॅगा आणि चार माणसे एका लहान भाड्याच्या गाडीत मावत नाहीत. चालकासह व्हॅन ठरवणे गटाला परवडते.

घरची मंडळी सोबत असतील आणि त्यांतील निम्मी खेळणारी नसतील, तर त्यांचा दिवस आधी आखावा. पूर्वेला बेल मारचा लांब किनारा आणि इल-ओ-सेर्फचे लॅगून आहे, जिथे न खेळणारेही दिवसभर रमतात. नैर्ऋत्येला सप्तरंगी मातीचे शामारेल आणि ल मोर्न आहे. अ‍ॅव्हलॉनला जाणाऱ्या दिवशी बाकीच्यांनी ब्वा शेरीचा चहा कारखाना आणि ग्रां बासँ पाहावे. शाकाहारी मंडळींची सोय क्लबहाउसपेक्षा रस्त्याकडेच्या दाल पुरीच्या गाड्यांवर अधिक चांगली होते.

सहावी पायरी: किती राउंड, कोणत्या क्रमाने

सात रात्रींच्या सहलीत चार राउंड पुरेसे आहेत. पाचवा राउंड कागदावर शक्य दिसतो, प्रत्यक्षात तो दमलेल्या अंगाने, घरच्यांच्या नाराजीत खेळला जातो. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मध्यम हँडिकॅपच्या गटाने असा क्रम ठेवावा: पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिंक्स, एक दिवस सोडून अनाहिता, त्यानंतर इल-ओ-सेर्फ, आणि परतीच्या आधी लेजंड किंवा वाक्वाचा जिमखाना. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी नैर्ऋत्येला राहून तामारिना, पारादी, ल शातो आणि वारा कमी असेल त्या सकाळी ला रिझर्व्ह असा बेत करावा. एकाच सहलीत दोन्ही किनारे हवे असल्यास मुक्कामच दोन ठिकाणी विभागावा. रोज बेट ओलांडण्याचा उद्योग करू नये.

सकाळी वारा मंद असतो, अकराच्या सुमारास तो चढू लागतो. म्हणून शक्य तितक्या लवकरची वेळ मागावी. जुलैत सूर्योदय पावणेसातच्या सुमारास होतो आणि सूर्यास्त सहाच्या आत, तेव्हा दुपारी दोननंतर सुरू केलेला राउंड बहुधा अंधारात अडकतो. डिसेंबरात मात्र संध्याकाळी जास्त उजेड मिळतो आणि दुपारनंतरचे सवलतीचे दर उपयोगी पडतात.

सातवी पायरी: आरक्षण आणि बॅग

वेळा तीन-चार महिने आधी ईमेलने ठरवाव्यात आणि प्रत्येक ईमेलमध्ये खेळाडूंची संख्या, हँडिकॅप, बग्ग्यांची संख्या व भाड्याने हवे असलेले क्लब लिहावेत. काही क्लब हँडिकॅपचा दाखला मागतात, म्हणून भारतीय हँडिकॅप प्रणालीतील आपल्या नोंदीची छायाप्रत फोनमध्ये ठेवावी. डावखुऱ्या खेळाडूने क्लबची मागणी वेगळ्या वाक्यात, स्पष्टपणे करावी; संच कमी असतात आणि आयत्या वेळी ते मिळत नाहीत. स्वतःची बॅग न्यायची असेल तर विमान कंपनीच्या खेळसामानाच्या अटी तिकीट काढण्याआधी पाहाव्यात, नंतर नव्हे.

एका खेळाडूने किमान डझनभर चेंडू न्यावेत, इल-ओ-सेर्फ यादीत असेल तर दोन डझन. क्लबच्या दुकानात चेंडू मिळतात, पण भाव ऐकून खेळ आणखी बिघडतो. कॉलर असलेले सदरे, मऊ खिळ्यांचे बूट, दोन हातमोजे (एक दमट हवेत ओला होतोच), उन्हापासून बचाव करणारे मलम आणि हलके जाकीट पुरेसे आहे. खडकांवर गेलेला चेंडू मारण्याचा मोह झाला तरी आवरावा. बेसाल्टवर आपटलेला क्लब वाकतो आणि भाड्याचा असेल तर त्याची भरपाई द्यावी लागते.

आरक्षण करतानाच पाऊस किंवा वादळामुळे राउंड अर्धवट राहिल्यास काय, हे विचारावे. काही क्लब खेळलेल्या होलांच्या प्रमाणात दुसऱ्या दिवसाची चिठ्ठी देतात, काही पैसे परत देतात, काही काहीच देत नाहीत. इल-ओ-सेर्फसाठी होडीची वेळ आणि टीची वेळ या दोन स्वतंत्र नोंदी आहेत हे ध्यानात ठेवून, आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या गोल्फ डेस्ककडून दोन्ही पुन्हा पक्क्या करून घ्याव्यात आणि धक्क्यावर टीच्या वेळेआधी किमान तासभर पोहोचावे.